ऑफिस खराडीत, गाव बेळगाव. पुण्यात पहिला फ्लॅट कुठे घ्यावा?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: नोकरी खराडीत, बजेट 65 लाखांपर्यंत, आई-वडील बेळगावात अनगोळला. वडील कणबर्गीचा प्लॉट विकून हातभार लावणार आहेत. आणि नात्यातले सगळे सांगतायत की कात्रज-आंबेगावच्या बाजूला घे, गावाकडच्या गाडीतून उतरलं की घर. हे ऐकावं का, असं तुम्ही विचारलंय.

ऐकू नका. मी ऐकलं होतं.

मी बेळगावच्या वडगावची. 2011 साली आम्ही पुण्यातला पहिला फ्लॅट नऱ्ह्यात घेतला, तो नेमक्या याच कारणाने. बेळगावहून रात्री निघालेली बस पहाटे नवले पुलाला सोडायची. तांदळाची पिशवी, कुंद्याचा डबा आणि झोपलेली लेक घेऊन रिक्षात बसलं की दहा मिनिटांत घर. तेव्हा वाटायचं, यापेक्षा चांगली जागा पुण्यात नाही. बिल्डिंगमध्येही निपाणीचे, चिकोडीचे, गडहिंग्लजचे लोक. दिवाळीत सगळ्यांच्या घरी चकली एकाच चवीची.

पण माझं ऑफिस विमाननगरला होतं. नऱ्ह्याहून स्वारगेट, स्वारगेटहून पुढे दुसरी बस. सकाळी दीड तास, संध्याकाळी कधी दीड तर कधी पावणेदोन. लेक बालवाडीत होती, मी घरी पोचेपर्यंत ती जेवून अंथरुणावर असायची. सात वर्षं हे केलं. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवलं नाही.

हिशेब करून बघा. बेळगावला तुम्ही वर्षातून किती वेळा जाल? गणपती, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, एखादं लग्न, एखादं आजारपण. दहा-बारा खेपा. ऑफिसची जा-ये वर्षाला पाचशे वेळा. दहा खेपांची सोय बघून पाचशे खेपांचा त्रास विकत घ्यायचा नाही. पुणे-बेळगाव साधारण 340 किलोमीटर आहे. एवढ्या वाटेवर पुण्यात शिरल्यानंतरचा एक तास वाढला तर तो सोसवतो, कारण तो रोजचा नसतो. शिवाय सप्टेंबर 2024 पासून हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस बेळगावमार्गे धावते. पुणे स्टेशनवर उतरलात की नगर रोडने सरळ खराडी. म्हणजे नातेवाइकांचा मुद्दासुद्धा आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही.

मग बघायचं कुठे? खुद्द खराडीत नवा दोन बीएचके 65 लाखांत बसवणं अवघड. तुमच्यापुढे मला चार नावं दिसतात: वडगाव शेरी-चंदननगर, केशवनगर-मुंढवा, मांजरी आणि वाघोली.

वाघोलीत तुम्हाला याच पैशात सगळ्यात मोठं घर दाखवतील. पण ते गाव महापालिकेत आलं 2021 मध्ये, आणखी 22 गावांबरोबर. हद्द एका आदेशाने वाढते. नळ, गटार आणि रस्ता यायला वर्षं जातात. नगर रोड सकाळी कसा असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. रामवाडी ते वाघोली मेट्रोला 2025 मध्ये केंद्राने मंजुरी दिली आहे, आणि विक्रीवाला तो नकाशा तुमच्यापुढे पसरेल. आपण बेळगावचे लोक आहोत. एकेका रेल्वे गेटवरचा पूल उभा राहीपर्यंत आपण किती वर्षं वळसे घातले ते आठवा, आणि जी मेट्रो आज धावत नाही तिचे पैसे आज देऊ नका.

केशवनगरहून खराडीच्या इमारती समोर दिसतात. पण मध्ये मुळा-मुठा आहे, आणि मुंढव्याच्या पुलावर सकाळी नऊला काय होतं ते स्वतः गाडी घालून बघा. रविवारी दुपारी बघून उपयोग नाही. साइट दाखवायला बिल्डरची माणसं रविवारीच बोलावतात. तुम्ही मंगळवारी सकाळी त्या गेटपासून तुमच्या ऑफिसच्या गेटपर्यंत जा, आणि पाऊस असेल त्या दिवशी परत एकदा जा.

मी तुमच्या जागी असते तर वडगाव शेरी किंवा चंदननगरात आठ-दहा वर्षं जुना, कम्प्लिशन (बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला) असलेला, सोसायटी झालेला रीसेल फ्लॅट शोधला असता. 2018 मध्ये आम्ही तेच केलं. नऱ्ह्याचा विकला आणि वडगाव शेरीत जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरा घेतला. जिम नाही, पोहण्याचा तलाव नाही, लिफ्ट जुनी. पण मी पावणेसातला घरी असायचे. लेकीचा अभ्यास त्या घरात झाला.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझी खरी चूक तिथे झाली. आमच्या वडगाव-शहापूरच्या जुन्या घरांत परड्यात आड असतो. बाबांनी आयुष्यभर त्या आडाचं पाणी बघितलं, नळ दोन दिवसांआड आला तरी घराचं अडलं नाही. नऱ्ह्याचा फ्लॅट बघायला आले तेव्हा त्यांनी फरशी बघितली नाही, किचनचा ओटा बघितला नाही. एकच विचारलं, "पाणी बघितलीस काय गे?" मी म्हटलं, बोअर आहे, टाकी मोठी आहे. ते काही बोलले नाहीत. पहिल्याच मार्चमध्ये बोअर आटली आणि टँकर सुरू झाले. नऱ्हे तेव्हा ग्रामपंचायत होती, महापालिकेचं पाणी येणार असं प्रत्येक निवडणुकीत ऐकायचो. मेंटेनन्समधला मोठा वाटा टँकरच्या बिलात जायचा. टँकरचं पाणी कुठून भरलेलं असतं, हा प्रश्न आम्ही तेव्हा कुणाला विचारलाही नाही. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडले आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली, तेव्हा मला बाबांचा तो प्रश्न आठवला.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि मागच्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं बघायला मागा. लोक दाखवतात, विचारावं लागतं. नवी बिल्डिंग असेल तर महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी कोण आणि कुणाच्या खर्चाने देणार, ते करारनाम्यात शब्दांत लिहून घ्या. बोलणं चालत नाही.

ओढ्याचंही असंच. बळ्ळारी नाला पावसाळ्यात भरला की वडगाव-येळ्ळूरच्या भातशेतीचं काय होतं, ते आपल्याला शिकवावं लागत नाही. शहरात ओढा दिसत नाही, तो भिंतीमागे आणि स्लॅबखाली असतो, एवढाच फरक. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याने घरं धुऊन नेली. 25 जुलै 2024 ला मुठेचं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलं. मुंढवा, केशवनगर, मांजरी, खराडी हे सगळं मुळा-मुठेच्या काठाचं आहे. पूररेषेचा नकाशा वकिलाकडून तपासून घ्या, आणि शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा की पाणी कुठवर आलं होतं.

आता पैसे. 65 लाखांचा फ्लॅट 65 लाखांत मिळत नाही. बांधकाम चालू असलेला घेतलात तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3,25,000. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4,55,000. नोंदणी 30,000. झाले 73 लाख 10 हजार. बँक या रकमेच्या घराला जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज देते आणि शुल्क-कर त्यात धरत नाही. म्हणजे 52 लाख कर्ज आणि 21 लाख 10 हजार तुमच्या खिशातले. 20 वर्षांसाठी साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता सुमारे 45,000. फर्निचर, वकील, सोसायटीचे पैसे वेगळे. कम्प्लिशन मिळालेल्या किंवा रीसेल घराला जीएसटी नाही, तिथेच सव्वातीन लाख वाचतात. फक्त पत्नीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्क 6 टक्के पडतं, 65,000 वाचतात. पण मग कर्जाच्या व्याजावरची करसवलत तुम्हाला स्वतःला मिळणार नाही, कारण त्यासाठी मालकीत नाव लागतं. दोघांचे पगार मांडून हे ठरवा. आणि किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असली की विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून 1 टक्का टीडीएस, म्हणजे त्याचा आगाऊ प्राप्तिकर, कापून सरकारात भरायची जबाबदारी खरेदी करणाऱ्याची असते. रीसेलमध्ये ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि पुढे नोटीस येते.

कणबर्गीच्या प्लॉटबद्दल दोन गोष्टी आधीच बघा. कर्नाटकात आता शहरी मिळकतीचं खरेदीपत्र ई-खात्याशिवाय, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन सरकारी नोंदीशिवाय, नोंदवता येत नाही. वडिलांचा ई-खाता झालाय का? नसेल तर आजच अर्ज करा. आपल्याकडच्या कागदांवर नाव कन्नडमध्ये, आद्याक्षरं पुढे आणि आडनाव कधी आहे कधी नाही असं असतं, आधारवर वेगळं असतं. ते जुळवण्यात महिने जातात, आणि इकडे तुम्ही बिल्डरला तारीख देऊन बसलेले असता. दुसरं, प्लॉट विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. विक्रीची रक्कम दोन वर्षांत राहत्या घराच्या खरेदीत घातली तर त्यात सवलत आहे. पण ती सवलत विकणाऱ्याला असते. प्लॉट वडिलांचा आणि फ्लॅट फक्त तुमच्या नावावर, असं केलंत तर ती हातची जाऊ शकते. फ्लॅटच्या कागदावर वडिलांचं नाव घालायचं का, हे बेळगावात सीएकडे दोघांनी मिळून बसून ठरवा. यात संकोच करू नका. बापाने आयुष्याची कमाई दिली आणि कागदावर त्याचं नाव नाही, असं घर मी जवळून बघितलंय.

आपण प्लॉट घेऊन बांधणारी माणसं. तीस बाय चाळीस, गुंठा, उतारा, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) परवानगी ही भाषा आपल्याला येते. फ्लॅटची भाषा वेगळी असते. तिथे मोजायचं फक्त कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. बाकी आकडे ऐकून सोडून द्या. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याचा नंबर टाकून ताबा देण्याची तारीख किती वेळा वाढवलीय ते बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे, कितीही घाई दाखवली तरी देऊ नका. रीसेलमध्ये कम्प्लिशनचा कागद हातात घेऊन बघा. आमच्या नऱ्ह्याच्या बिल्डिंगचं कम्प्लिशन झालेलं नव्हतं. घेताना "होतंय, होतंय" म्हणाले. विकताना दोन गिऱ्हाइकांची कर्जं त्यावरून नाकारली गेली आणि तिसऱ्याला मला किंमत उतरवून द्यावी लागली.

माझी कळकळीची विनंती आहे, की जो भाग मनात भरेल तिथे आधी भाड्याने राहा. डिसेंबरात 11 महिन्यांचा करार केलात तर त्यात मे महिन्याचं पाणीही दिसतं आणि जुलैचा रस्ताही. भाडं वाया जातं असं घरचे म्हणतील. मी सात वर्षं रोज तीन तास वाया घालवले, त्यापुढे एका वर्षाचं भाडं काहीच नाही.

आई-वडील आज ना उद्या तुमच्याकडे येतील, निदान महिना-दोन महिने. त्यासाठी दार कुठल्या मजल्यावर आहे, वीज गेली की लिफ्ट चालते का, आणि खाली उतरल्यावर चालत जाण्याजोगं देऊळ किंवा बाग आहे का, एवढं बघा. नऱ्ह्यात बाबा चौथ्या दिवशी परतीचं तिकीट काढायला सांगायचे, कारण खाली उतरलं की अंगावर डंपर. वडगाव शेरीत ते सकाळी दूध आणायला जायचे आणि तासाने यायचे, ओळखी करून. एकदा सलग तीन महिने राहिले. आता त्यांना तेवढा प्रवास झेपत नाही. मीच बेळगावला येऊन घरून काम करते, आणि तो फ्लॅट भाड्याने दिलाय.

प्लॉटचा खाता कुणाच्या नावावर आहे आणि रजेवर बेळगावला कधी येताय ते कळवा. ई-खात्यासाठी आम्ही नुकतेच काय काय कागद दिले, त्याची यादी मी तुम्हाला लिहून देते.