वाचक विचारतात : वसाहतीत काय टिपायचं?

प्रश्न : शहराबाहेरच्या वसाहतीत राहतो. इमारती एकाच साच्यातल्या, रस्ते सरळसोट, वर तारांचं जाळं. सहलीला निघाल्याशिवाय कॅमेरा बॅगेबाहेर येत नाही. इथे टिपण्यासारखं काय आहे?

उत्तर : साचाच टिपा. १९७५ साली अमेरिकेत रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. त्यात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी टिपलेली नव्या वसाहतींतली घरं होती आणि लुईस बाल्ट्झ यांनी टिपलेल्या औद्योगिक इमारतींच्या कोऱ्या भिंती.

गल्लोगल्ली हिंडू नका, एक भिंत धरा आणि तिचं तोंड कुठे आहे ते बघा. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळी ऊन समोरून पडतं, त्यामुळे ती सपाट दिसते. तीच भिंत मध्यान्हाच्या अर्धा तास आधी बघा. (मध्यान्ह म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो ती वेळ, घड्याळात बारा वाजलेले असतीलच असं नाही.) ऊन तेव्हा भिंतीला जेमतेम सात अंशांत घासून जातं. पाइपची क्लॅम्प पाच सेंटिमीटर पुढे आली असेल, तर तिची सावली चाळीसएक सेंटिमीटर लांब पडते. गिलाव्याचे पोपडे, थापीचे फराटे, बुजवलेल्या भेगा, सगळं उठून येतं. पश्चिमेच्या भिंतीला हाच खेळ मध्यान्हानंतर. दुपारी कॅमेरा काढूच नये, हा सल्ला निदान भिंतींपुरता विसरा.

भिंतीसमोर काटकोनात उभे राहा. ५० ते ८५ मिमी लेन्स, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं जवळचं-लांबचं जास्त स्पष्ट), स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांची जाळी, चालू. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. त्यापेक्षा मागे सरका, नाहीतर समोरच्या जिन्यातून टिपा. पांढरी भिंत कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर करड्या रंगाची करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर +१, म्हणजे एक पायरी जास्त प्रकाश; हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या छटांचा आलेख) उजव्या कडेला आपटला तर थोडं उतरवा. तार पूर्ण घ्या किंवा पूर्ण वगळा. चौकटीच्या कोपऱ्यात अर्धी कापलेली तार फार खटकते.

प्रश्न : डबक्यातलं इमारतीचं प्रतिबिंब नेहमी धूसर येतं. असं का?

उत्तर : फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर, तिथल्या पानावर किंवा काठावर बसतो. प्रतिबिंबाचं अंतर मात्र कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि तिथून इमारतीपर्यंत, असं दोन्ही मिळून असतं. फोकसचा चौकोन प्रतिबिंबातल्या खिडकीच्या कडेवर ठेवा. काठही स्पष्ट हवा असेल तर एफ/११ किंवा एफ/१६. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, तो प्रतिबिंबच पुसतो. लेन्स पाण्यापासून चार बोटांवर आणा. मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स आपोआप खाली जाते.

प्रश्न : संध्याकाळी खिडक्यांतले दिवे पांढरेफटक येतात.

उत्तर : उशीर होतोय. पूर्ण अंधार पडायच्या आत, आकाश अजून निळं असताना टिपा. ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती) ऑटोवर ठेवू नका, दिव्यांचा पिवळेपणा त्यात फिका पडतो. आणि चौकट इमारतीच्या आकारावर बांधा, कुणाच्या घरात डोकावू नका.