वेग फक्त पंचवीसचा होता, तरी एअरबॅग का उघडल्या?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गुहागरहून घरी परतताना वळणावर समोरून एसटी आली, तुम्ही गाडी कडेला दाबली आणि ती जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंतीवर, आदळली. वेग वीस-पंचवीसचा. तरी पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या आणि वहिनींचे हात सोलपटले. तुमच्या मेव्हण्याची गाडी मात्र महामार्गावर साठच्या वेगात ट्रकच्या मागे घुसली, बॉनेटचा चुरा झाला, आणि एकही एअरबॅग उघडली नाही. मग तुमच्या गाडीत दोष होता का?

बहुतेक नव्हता. रत्नागिरीजवळ माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे आणि अशा ठोकलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. "गाडी तर हळूच होती हो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हा हिशेब एकदा नीट मांडावा असं फार दिवस मनात होतं.

एअरबॅगचं युनिट, म्हणजे बॅग उघडायची की नाही हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, गाडीचा झटका मोजतं. गाडी किती कमी वेळात आणि किती कमी अंतरात थांबते आहे, यावर त्याचा निर्णय ठरतो. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक दाबलात तर या वेगाची गाडी साधारण ३ मीटरांत थांबते. गडग्यावर आदळली की थांबायला मिळतो तो फक्त चेपणारा बंपर आणि त्यामागचा पत्रा, म्हणजे जेमतेम एक फूट. झटका दहापट झाला. अंगावर आठ पट गुरुत्वाकर्षण येतं, आणि सगळं उरकतं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत.

इथे आपल्या गडग्याचा विचार करायलाच हवा. नुसते दगड रचलेला सुका गडगा असेल तर तो थोडा ढासळतो, दगड मागे सरकतात, आणि तेवढा मार तो स्वतः खातो. पण सिमेंटात बांधलेले चिरे आणि मागे मातीचा भराव असेल, तर भिंत जागची हलत नाही. सगळा मार गाडीला. मोरीच्या कठड्याचंही तेच. सीटबेल्ट न लावलेल्या माणसासाठी एअरबॅग उघडण्याची मर्यादा साधारण ताशी १६ ते २० किलोमीटरच्या आसपास ठेवलेली असते, बेल्ट लावलेल्यासाठी २५ च्या आसपास, आणि हे आकडे न हलणाऱ्या भिंतीवर सरळ समोरून आदळण्याचे आहेत. कंपनीगणिक फरक पडतो. तेवढ्याच वजनाच्या उभ्या गाडीवर आदळलात तर तोच झटका बसायला जवळपास दुप्पट वेग लागतो, कारण ती गाडीही चेपते आणि पुढे ढकलली जाते. म्हणजे तुमची धडक नेमकी मर्यादेच्या काठावरची होती.

पंचवीसचा वेग किरकोळ वाटतो म्हणून एक तुलना सांगतो. सुमारे आठ फुटांवरून खाली पडलात की जमिनीला लागताना तुमचा वेग एवढाच असतो. माळ्यावरून तोंडावर पडण्याला आपण कोणी किरकोळ म्हणत नाही.

युनिटला थांबून बघायची सवडही नसते. बॅग पूर्ण फुगायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो, पण त्याआधी, धडकेच्या पहिल्या वीस-तीस मिलिसेकंदांत, निर्णय घ्यावा लागतो. पुढे धडक वाढणार की इथेच संपणार, हे तेव्हा कळलेलं नसतं. वाट पाहिली तर डोकं स्टिअरिंगजवळ पोचतं आणि बॅग त्याच तोंडावर फुटते, जे जास्त धोक्याचं. म्हणून काठावरच्या धडकेत युनिट उघडण्याच्या बाजूने झुकतं, आणि ते तसंच असावं असं माझं मत आहे. बॅग ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर येते, त्यामुळे वहिनींचे हात सोलपटले. गाडीत धुरासारखं पसरलं ते बरंचसं बॅगच्या घड्यांवर मारलेली पावडर असते. घरात कुणाला दमा असेल तर अशा वेळी लगेच बाहेर पडावं.

आता मेव्हण्याची गाडी. ट्रकचा मागचा भाग उंच असतो. गाडी त्याखाली शिरते तेव्हा बॉनेट आणि काच फाटत जाते, पण बंपरमागच्या ज्या जाड दांड्यांवर खरा मार यायला हवा, त्यांना काही लागतच नाही. गाडी सरकत सरकत थांबते. नुकसान भयंकर दिसतं, पण युनिटला मिळणारा झटका मंद असतो. बॉनेट बघून झटक्याचा अंदाज करू नये. उलट प्रकारही मी पाहिलाय: कडेच्या उघड्या गटारात चाक उतरलं, गाडीचं पोट काँक्रीटवर आपटलं, पुढे ओरखडाही नाही आणि बॅग उघडलेल्या.

शंका उरलीच असेल तर युनिटमधली धडकेची नोंद अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर वाचून घ्या. युनिट बदलण्याआधीच सांगा.

आणि आता दुरुस्तीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. फक्त दोन बॅग बदलून भागत नाही. युनिट, धडकेत ओढले गेलेले सीटबेल्ट, स्टिअरिंगमधली वायरची गुंडाळी, बऱ्याचदा डॅशबोर्डसुद्धा बदलावा लागतो. खर्च मोठा असतो, म्हणून काही जण बॅगच्या जागी रेझिस्टर, म्हणजे बॅग जागेवर आहे असं युनिटला भासवणारा छोटा सुटा भाग, जोडून मीटरवरचा दिवा विझवतात. समोरच्या माणसाला वाटतं सगळं ठीक आहे आणि आत बॅगच नसते. हे मला अक्षम्य वाटतं. बिल आणि जुने सुटे भाग मागून घ्या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. मुळीच लागत नसेल तरी संशय घ्या.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. हे युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याखाली, तळाशीच बसवलेलं असतं. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं युनिट आणि सीटखालचे कनेक्टर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. खाऱ्या हवेत त्या कनेक्टरना गंज लवकर चढतो.

तुम्ही दोघांनी बेल्ट लावले होते का, ते लिहिलं नाहीत. लावले नसतील तर काही गाड्यांत युनिट ते ओळखून कमी झटक्यालाही बॅग उघडतं, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच असेल. डावीकडच्या डॅशबोर्डवर, बॅगच्या झाकणावर, गणपतीची मूर्ती चिकटवलेली असेल तर ती हलवा. बॅग उघडताना ती थेट समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर येते. लहान मूल मांडीवर घेऊन कुणीही पुढे बसू नये, आणि मागे तोंड असलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावू नये.

वहिनींच्या कानात अजून आवाज घुमत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.