जुनी वस्ती महाग होऊ लागली की रहिवाशांच्या विरोधाचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. जुन्या वस्तीत पैसेवाले येऊ लागले, भाडी चढली, मूळचे लोक हुसकले जाऊ लागले, तर एकजुटीने ते थांबतं का? आणि तुम्ही स्वतः अशाच वस्तीत नुकतेच भाड्याने आलात, तर तुम्ही कुठल्या बाजूचे?

पहिल्याचं माझं उत्तर: थांबतं, पण नुसत्या मोर्चाने नाही. मोर्चाने मुदत मिळते. तेवढ्या मुदतीत जमिनीवर किंवा भाडेकरारावर लोकांचा कायदेशीर हक्क बसला, तर वस्ती टिकते. नाही बसला, तर बिल्डर थोडा दम धरतो आणि परत येतो. त्याला दम धरणं परवडतं, भाडेकरूला परवडत नाही.

हे सगळं अटळ आहे, बाजार असाच चालतो, असं सांगणारे बरेच भेटतील. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने 1979 मध्ये यामागचं गणित मांडलं होतं. एखाद्या जागेतून आज मिळणारं उत्पन्न आणि तीच जागा ‘चांगल्या’ वापराला लावली तर मिळू शकणारं उत्पन्न, यांत मोठी दरी पडली की भांडवल तिकडे धावतं. आता ही दरी पडते कशी, ते बघा. मालक वर्षानुवर्षं डागडुजी करत नाही, बँका त्या भागात कर्ज देत नाहीत, पालिका कचरासुद्धा नीट उचलत नाही. आणि मग एक दिवस नवा रस्ता, नवी बाग किंवा वाढीव बांधकामाची परवानगी येते. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते. म्हणून तर ती बदलून घेता येते.

बाहेर काढण्याची सुरुवात नोटिशीने होते असा एक समज आहे. बहुतेक वेळा ती दुरुस्तीने होते. इमारतीला परांची बांधतात, खिडक्यांवर महिनोन्महिने प्लास्टिक. लिफ्ट बंद पडते आणि ‘पार्ट मागवलाय’ एवढंच उत्तर मिळत राहतं. पाणी नेमकं सकाळच्या घाईत जातं. मग एक सौम्य बोलणारा माणूस एकेका दारावर येतो, रोख रकमेचा आकडा सांगतो आणि शेजाऱ्यांना कळू देऊ नका म्हणतो. त्याचा सगळा धंदा त्या शेवटच्या वाक्यावर चालतो. ज्या इमारतींत लोकांनी पहिल्याच आठवड्यात जिन्यात बसून आपापले आकडे एकमेकांना सांगितले, तिथे ही युक्ती फारशी चालत नाही. एकट्याने सही करायची नाही, बोलणं लेखी मागायचं, बंद लिफ्टचे फोटो तारखेसकट ठेवायचे. कंटाळवाणी कामं आहेत, पण कोर्टात घोषणा दाखवता येत नाहीत.

आता जिथे हे जमलं ती उदाहरणं. न्यूयॉर्कमध्ये 1959 साली कूपर स्क्वेअर भागातली जुनी घरं पाडून नवी बांधायची सरकारी योजना आली. तिथल्या गरीब भाडेकरूंना नवी घरं परवडणार नव्हती. रहिवाशांनी समिती केली आणि नुसतं ‘नको’ म्हणून न थांबता वॉल्टर थॅबिट या नियोजनकाराला हाताशी धरून 1961 मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडाच काढला. आधीपासून राहणाऱ्यांचं नुकसान न होता नवं बांधकाम व्हावं, हा त्याचा पाया. पालिकेने तो काही अंशी मान्य करायला 1970 उजाडलं. पुढे 1990च्या दशकात तिथल्या जुन्या इमारती रहिवाशांच्या संस्थेकडे आल्या आणि खालची जमीन एका सामुदायिक न्यासाकडे. मॅनहॅटनसारख्या महागड्या ठिकाणी तीनशेहून जास्त घरं बाजाराबाहेर राहिली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते चिवटपण. एवढी वर्षं बैठका घ्यायच्या म्हणजे चेष्टा नाही.

न्यासाची युक्ती साधी आहे. जमीन न्यासाची, घर तुमचं. घर विकायचं झालं तर ठरलेल्या सूत्राप्रमाणेच किंमत घ्यायची, म्हणजे पुढच्या माणसालाही ते परवडतं. भाव चढला तरी चढलेला भाव कुणाच्या खिशात जात नाही. काही जणांना हे पटत नाही, आणि त्यांचंही चूक नाही: आयुष्यभर गरिबीत काढलेल्या माणसाने घराच्या वाढत्या किमतीवर पाणी का सोडावं?

बॉस्टनच्या डडली स्ट्रीटवर परिस्थिती वेगळी होती. आगी लागून आणि मालकांनी टाकून देऊन तिथे शेकडो प्लॉट ओसाड पडले होते, बाहेरचे लोक रात्री येऊन कचरा टाकून जायचे. 1984 मध्ये वस्ती सावरण्याचं काम सुरू झालं, तेव्हा त्यासाठीच्या संस्थेच्या रचनेचा पहिला मसुदा बाहेरच्या देणगीदारांनी आणि संस्थांनी केला होता. सभेत रहिवाशांनी विचारलं, मंडळावर या गल्लीतले किती जण? उत्तर अवघड होतं. मग मंडळाची रचनाच बदलली. 1988 मध्ये या संस्थेला ओसाड खासगी जमीन सक्तीने संपादित करण्याचा अधिकार शहराकडून मिळाला. एरवी याच अधिकाराने गरीब वस्त्या उठवल्या जातात. तो वस्तीच्याच हातात आला, हे अमेरिकेत अपवादात्मक होतं.

आणि हरलेली उदाहरणंही आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलमध्ये वयस्कर फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू राहायचे. 4 ऑगस्ट 1977 ला भल्या पहाटे पोलीस आले तेव्हा बाहेर हजारो लोक हातात हात गुंफून उभे होते. तरी सगळ्यांना बाहेर काढलं. इमारत पाडली आणि पुढे कित्येक वर्षं तो प्लॉट नुसता पडून राहिला. ज्येष्ठांसाठी परवडणाऱ्या घरांची नवी इमारत त्याच जागी उभी राहिली 2005 मध्ये. हा विजय म्हणायचा का? काढलेल्यांपैकी बहुतेक जण तोवर हयात नव्हते. मी तरी याला विजय म्हणणार नाही.

बर्लिनकडे बघून अलीकडे अनेकांना हुरूप आला. 26 सप्टेंबर 2021 च्या सार्वमतात बड्या कंपन्यांची दोन लाखांहून अधिक घरं सार्वजनिक मालकीत घ्यावीत, या बाजूने 59 टक्क्यांच्या आसपास मतं पडली. पण ते मत सरकारवर बंधनकारक नव्हतं आणि कायदा झाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहराची भाडेमर्यादा घटनात्मक न्यायालयाने रद्द केली होती, कारण बर्लिन हे शहरही आहे आणि राज्यही, आणि भाड्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्याचा नसून केंद्राचा आहे. बहुमत असून अधिकार चुकीच्या पातळीवर असला की असं होतं. त्यामानाने अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनचा 1980 चा कायदा बिनआवाजी आणि जास्त कामाचा वाटतो: मालकाला इमारत विकायची असेल तर आधी भाडेकरूंना विचारायचं. एकत्र येऊन घेण्याची पहिली संधी त्यांची.

सगळ्यात अवघड भाग वस्तीच्या आतच असतो, आणि चळवळीतले लोक त्यावर मोकळेपणाने बोलत नाहीत. ज्याच्या नावावर घर आहे त्याला भाववाढ म्हणजे लॉटरी. भाडेकरूला तीच भाववाढ म्हणजे बिऱ्हाड उचलण्याची वेळ. पोटभाडेकरूचं तर नावही कुठल्या कागदावर नसतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नवं गिऱ्हाईक हवं असतं, पण गाळ्याचं भाडं वाढलं की आधी तोच जातो. या सगळ्यांना ‘आपण वस्तीकर’ म्हणून एका रांगेत बसवलं की पहिल्या चांगल्या ऑफरला रांग मोडते. त्यापेक्षा कुणाचा काय फायदा-तोटा आहे ते सुरुवातीलाच उघड बोललेलं बरं.

आता तुमच्याबद्दल. नव्या कॅफेवर किंवा चित्रदालनावर राग काढणं सोपं असतं. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये 2016 च्या सुमारास दालनांविरुद्ध निदर्शनं झाली आणि काही दालनं बंदही झाली. तो राग मला समजतो, पण नवा भाडेकरू हा शत्रू आहे हे मला पटत नाही. दोन-चार वर्षांनी त्यालाही तोच सौम्य माणूस भेटणार असतो.

मात्र गप्प बसलात तर नुकसान होतं. जर्मनीत चालू भाडं किती वाढवता येईल हे ठरवताना परिसरातल्या भाड्यांचा तक्ता धरतात, आणि त्यात गेल्या सहा वर्षांत नव्याने ठरलेली किंवा बदललेली भाडी मोजली जातात. म्हणजे नव्या माणसाने नव्या करारांसाठीच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त भाडं निमूट मान्य केलं, की तो आकडा शेजारच्या आजींच्या भाडेवाढीला आधार होऊ शकतो. प्रत्येक शहरात असा तक्ता नसेल, पण आजूबाजूचा भाव दाखवूनच मालक सगळीकडे भाडं वाढवतात. तेव्हा आधी वरच्या-खालच्या मजल्यावर जाऊन तुम्ही किती भरता ते सांगा आणि ते किती भरतात ते विचारा. इमारतीत भाडेकरूंची संघटना असेल तर हाच आकडा कराराच्या प्रतीसह तिच्याकडे द्या. तुमच्या आधी त्या घरात राहणारा किती भरत होता, हे तिथे बहुधा कुणाला तरी माहीत असतं.