नाशिकमध्ये जुन्या येझदीला नवा हँडल स्विच बसवला. वायरींचे रंग जुळत नाहीत आणि चावी फिरवताच हॉर्न वाजत राहतो. काय करू?

रंग जुळवायचा नाद आधी सोडा. बाजारातल्या स्विचवर प्रत्येकाचे रंग वेगळे असतात. बॅटरीची वायर काढून ठेवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणारी सेटिंग) घ्या आणि एकेक बटण दाबून कुठल्या दोन वायरी जुळतात ते कागदावर लिहून काढा.

हॉर्नचा घोळ बहुतेक अर्थिंगचा आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नला चावीतून थेट करंट जातो आणि बटण फक्त त्याची परतीची वायर हँडलला टेकवतं. ही वायर स्विचच्या तोंडाशी सोलली असेल किंवा स्क्रूखाली दबली असेल तर हॉर्न थांबणारच नाही. स्विच उघडून आधी तिथेच बघा. बटणाला दोन वायरी असतील तर एक हॉर्नला, दुसरी बॉडीला. त्या दुसरीला चुकूनही करंट देऊ नका, बटण दाबूनही हॉर्न वाजणार नाही.

गाडी 6 व्होल्टची असेल तर डिपरकडे, म्हणजे हेडलाइट वर-खाली करणाऱ्या स्विचकडे, नीट लक्ष द्या. 35 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर जवळजवळ 6 अँपिअर ओढतो, 12 व्होल्टवर त्याच्या निम्मे. स्वस्त स्विचचे पातळ पॉइंट एवढ्यानं तापतात आणि प्रकाश मंदावतो. मी तरी 6 व्होल्टचा रिले टाकायलाच सांगेन, म्हणजे बल्बचा मोठा करंट स्विचऐवजी रिलेतून जाईल.

जोड हेडलाइटच्या डोममध्ये घ्या, सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. त्र्यंबक रोडला पाऊस लागला की नुसत्या टेपमध्ये पाणी शिरतंच. डोम बंद करण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायरी ताणत नाहीत ना ते बघा.