वाळवंटातला पहिला रोल

फिल्म कॅमेरा घेऊन जैसलमेरला समच्या वाळूवर जाण्याआधी एक पहाट बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर काढ बघ. उजेड किती झपाट्यानं बदलतो ते तिथंच कळेल.

नवा माणूस हमखास चुकतो तो उजेड मोजणाऱ्या मीटरमध्ये. सूर्याकडे धरून मोजलं की वाळू काळीठिक्कर पडते, आणि निगेटिव्हवर जे उमटलंच नाही ते कॉम्प्युटर कुठून आणणार? कलर निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. म्हणून सूर्य चौकटीबाहेर ठेवून वाळूवर मोज, वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जादा दे. व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्य मात्र बघू नको, डोळ्यांना इजा होते.

- वाऱ्यात रोल बदलू नको. माझ्या कॅमेऱ्यात एकच कण शिरला होता. सगळ्या फ्रेमवर आडवी सरळ रेघ! कॉम्प्युटरवर पुसता पुसता आठवडा गेला.
- विमानतळावर रोल हातानं तपासायची विनंती कर, एक्स-रेनं फिल्म खराब होऊ शकते.

स्कॅन १६ बिट टिफमध्ये, म्हणजे रंगांचे बारकावे राखणाऱ्या फाइलमध्ये घे. ऑटो कलर बंदच ठेव, पहाटेचा केशरी रंग तो दोष समजून धुऊन टाकतो. डाग कॉपीवर, शंभर टक्के झूम करून काढ. कर्व्ह, मास्क असली एडिटिंगची हत्यारं आत्ता नकोत. रोल धुऊन आला की निगेटिव्ह घेऊन ये, खिडकीशी धरून बघू.