मिसळीच्या हॉटेलात स्टीलच्या प्लेट ठेवाव्यात की कागदी?

प्रश्न ३० खुर्च्यांच्या नव्या मिसळ हॉटेलाचा आहे. बसून खाणाऱ्यांना स्टील आणि पार्सलला वेगळं, असं माझं स्पष्ट मत.

थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या प्लेट, वाट्या, चमचे मुळातच बाद. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, पहिल्यांदा सापडलात तर दंड ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून ही बंदी देशभर झाली. उरतो कागदी द्रोण. साध्या कागदातून तर्री पाच मिनिटांत टेबलावर उतरते. न गळणाऱ्या द्रोणाला आतून बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि खरकटं लागलेला असला द्रोण रद्दीवालाही घेत नाही. उसाच्या चोयट्याची प्लेट बरी, पण गरम रस्सा जरा वेळ राहिला की बूड मऊ पडतं. सुपारीच्या पानांच्या प्लेटला पावसाळ्यात बुरशी धरते. मेलामाइनच्या (कडक प्लॅस्टिकसारख्या, धुऊन वापरायच्या) प्लेट घेऊ नका, मेलामाइन हळदीने महिन्याभरात पिवळं पडतं.

खर्च तुमच्या बाजारभावाने काढा. समजा एका गिऱ्हाइकामागे प्लेट, दोन वाट्या, चमचा, ग्लास मिळून ६ रुपये लागले, तर २०० गिऱ्हाइकांचे रोजचे १,२०० कचऱ्यात गेले. स्टीलचे संच खुर्च्यांच्या अडीचपट लागतात: ३० टेबलावर, ३० मोरीत, १५ हाताशी. म्हणजे ७५. संच २०० रुपयांना धरला तर १५,००० रुपये, तेही एकदाच. खरा खर्च घासणाऱ्या माणसाच्या पगाराचा आणि पाण्याचा. बहुतेक हिशेब इथेच चुकतात.

पाणी वाया जातं ते वाहत्या नळाखाली. पूर्ण सोडलेला नळ मिनिटाला ८-१० लिटर ओततो. त्यापेक्षा तीन टब मांडा. आधी खरकटं डब्यात झटकायचं, मग पहिल्या टबात साबणाचं गरम पाणी (गार पाण्यात तर्रीचं तेल सुटतच नाही), दुसऱ्यात विसळणं, तिसऱ्यात निर्जंतुकीकरण. तिसऱ्यासाठी १० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) १० मिली, भांडी मिनिटभर बुडवायची. जास्त ओतलं किंवा भांडी रात्रभर तशीच ठेवली तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. दुसऱ्या टबातलं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं की लगेच बदला, कारण साबण आणि तेल तिसऱ्या टबात गेलं की क्लोरीन निकामी होतं.

मग फडक्याने पुसायचं नाही. सगळी मेहनत तो ओला फडका घालवतो. प्लेट जाळीच्या रॅकवर उभ्या आणि ग्लास पालथे घालून निथळू द्या. ओल्या प्लेट एकावर एक रचल्या की मधल्या पाण्याला वास येतो आणि गिऱ्हाईक प्लेट नाकाशी धरतं.

मोरीच्या तोंडाशी जाळी आणि पुढे तेल अडवणारा खड्डा करून घ्या, नाहीतर तर्रीचं तेल पाइपात थिजून मोरी तुंबते. ती हमखास रविवारी सकाळीच तुंबते.

पाणी टँकरचं असेल, मोरीला जागाच नसेल किंवा गाडा असेल, तर पळसाच्या पत्रावळी-द्रोणाचा विचार करा, पण त्यात पातळ रस्सा नको. पार्सलचा रस्सा घट्ट झाकणाच्या डब्यातच द्या, गिऱ्हाइकाने घरून डबा आणला तर चार-पाच रुपये कमी घ्या. पाव वर्तमानपत्रात गुंडाळू नका, अन्नसुरक्षा नियमांत त्याला मनाई आहे.

आणि चमचे संचांच्या दीडपट घ्या. ते चोरीला कमी आणि खरकट्याबरोबर जास्त जातात. खरकट्याच्या डब्यावर मोठ्या भोकांची चाळणी ठेवलीत तर तिथेच अडकतील.