डोळ्याच्या मधल्या थरात नेमकं काय असतं? आणि तपासणीचे थेंब टाकल्यावर काही तास वाचता का येत नाही?

मी डोळे तपासण्याचं काम करते. खुर्चीतून उठता उठता हा दुसरा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि त्याचं उत्तर पहिल्यातच आहे.

नेहमीच्या थेंबांतलं ट्रॉपिकामाइड दोन स्नायूंना थोडा वेळ लुळं पाडतं. एक आयरिसमधला (डोळ्याचा रंगीत भाग), बाहुलीभोवती गोल असलेला. तो सैलावला की बाहुली मोठीच राहते आणि साध्या उजेडातही डोळे दिपतात. दुसरा सिलियरी बॉडीतला, भिंगाच्या भोवतीचा. वाचताना तो आकसतो, भिंगाला ताणून धरणारे बारीक तंतू ढिले पडतात आणि भिंग फुगतं. स्नायू आकसल्यावर तंतू ढिले कसे, असं वाटेल. पण हा स्नायू कड्यासारखा आहे, आकसला की कडं लहान होतं. थेंबांमुळे हे थांबतं, म्हणून मोबाइलवरची अक्षरं धूसर.

आयरिस, सिलियरी बॉडी आणि मागचा कोरॉइड मिळून मधला थर होतो. त्याला यूव्हिया म्हणतात. बाहेर पांढरं कवच, आत प्रकाश टिपणारा रेटिना, मध्ये हा. पुस्तकात तीन वेगळी प्रकरणं असली तरी डोळ्यात हा थर सलग आहे.

सिलियरी बॉडी डोळ्यातलं पाणीही तयार करते, मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर. हे अश्रू नव्हेत. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) आणि भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यांना या आतल्या पाण्यातून पोषण मिळतं. त्याचा निचरा अडला तर दाब वाढतो आणि काचबिंदूचा धोका येतो.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो कोरॉइड. जाडी जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास, पण डोळ्याला मिळणारं बहुतेक रक्त यातूनच वाहतं. रेटिनातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत रेटिनाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या पोचतच नाहीत. त्या पेशी मुख्यतः कोरॉइडवर जगतात. कोरॉइडमधलं गडद रंगद्रव्य, मेलॅनिन, इकडेतिकडे उडालेला प्रकाश शोषून घेतं. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात ते मुख्यतः याच रक्तामुळे. (आयरिसच्या रंगाचं म्हणाल तर निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. मेलॅनिन कमी, बाकी प्रकाशाच्या विखुरण्याची किमया.)

एवढं रक्त खेळतं, म्हणूनच शरीरातली सूज इथे सहज उतरते. तिला यूव्हायटिस म्हणतात. डोळा लाल, आत ठणका, उजेड सहन होत नाही, आणि डोळे आल्यावर येते तशी चिकट घाण मात्र नाही, असं असेल तर घरातले उरलेले थेंब घालू नका, त्याच दिवशी दाखवा. तिथे डॉक्टरांनी सकाळी कंबर आखडते का विचारलं तर गोंधळू नका: मणक्याच्या एका संधिवातात यूव्हायटिस वारंवार होतो, आणि कधी कधी तो आजार आधी डोळ्यावरूनच पकडला जातो.